बोर्डावरची तिसरी ओळ

बोर्ड लागला मंगळवारी, आणि बुधवारपासून नाथाजी पारावर जायचा बंद झाला.

बोर्ड तसा साधाच होता. पिवळ्या पत्र्यावर निळी अक्षरं. पहिली ओळ, 'हवालदार वीरधवल यांची बेकरी'. दुसरी, 'दिवसाला दोनच आधणं', म्हणजे पावाचे दोनच घाणे. इथवर कुणाच्या बापाचं काही बिघडत नव्हतं. बिघडवलं ते तिसऱ्या ओळीनं. 'भारतीय सेनेत अठरा वर्षे पाव भाजण्याचा अनुभव.' या एका ओळीनं नाथाजीची अब्रू भर रस्त्यावर वाळत घातली.

कारण पलूसपासून चार मैलांवरच्या त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं, की नाथाजीचा वीरधवल तोफखान्यात आहे. ठाऊक असणारच. नाथाजीनंच सांगितलं होतं. पोरगा भरती झाला तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, "कुठं लागला रं?" आदल्याच दिवशी पोराचा फोन येऊन गेला होता, की रसद पुरवणाऱ्या पलटणीत बेकरीच्या कामावर घेतलंय. पण ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तिथं हे सांगायचं कसं? नाथाजीनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तोफंवर."

आता एकदा तोफ आणली म्हटल्यावर ती उडवावी लागते. दर रजेला नाथाजी पारावर एखादा गोळा सोडायचा. पोरगा येताना स्वतः भाजलेल्या टोस्टचा पत्र्याचा डबा आणायचा. नाथाजी तो डबा पारावर फिरवायचा आणि सांगायचा, "मिलिट्री कँटीनचा माल हाय." अठरा वर्षं गावानं वीरधवलच्या हातचं खाल्लं आणि कौतुक केलं ते तोफेचं. वीरधवलनं बापाला एका शब्दानं कधी खोटं पाडलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर तो हसून म्हणायचा, "ते बोलाय बंदी हाय." त्यामुळं तर गावाची खात्रीच पटायची.

पेन्शनीत आल्यावर तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहील, असा सगळ्यांचा होरा होता. त्यानं बापाकडं गुऱ्हाळाच्या शेडची किल्ली मागितली. ऊस सगळा कारखान्याला जायला लागल्यापासून ते गुऱ्हाळ नऊ वर्षं बंद पडलं होतं. रस कढवायची काहील भंगारात गेली होती, पण जाळाचं चुलवाण तेवढं शाबूत होतं. वीरधवलनं त्याच्याच विटांवर भट्टी बांधली. नाथाजी मनात म्हणाला, बेकरी तर बेकरी, धंदा आहे, तोफेवरचा माणूस धंदा करत नाही थोडाच. आणि मग तो बोर्ड लागला.

गावाला असली संधी वर्षातून एकदा मिळते. "तोफंत पाव घालून उडवत हुता काय रं?" असं एकानं विचारलं, आणि आठवडाभर तेच वाक्य गावभर फिरलं. पाव घ्यायला मात्र कुणी येईना. एका आधणाला चाळीस पाव निघायचे, दोन्ही मिळून ऐंशी, आणि गिऱ्हाईक मोजून बारा. उरलेलं म्हशीपुढं जायचं. सून दीपमाला गल्ल्यावर बसायची. तिनं ओठ आवळून एकच हिशेब चालवला होता. "काल बारा गेले, आज तेरा," ती सासऱ्याला ऐकू जाईल असं बोलायची. नाथाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

अकराव्या दिवशी सुभेदार आप्पासो घरी आले. माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष, कारखान्याच्या कँटीन कमिटीवर वजन. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी मुद्दा काढला.

"नाथाजी, धंद्याला आमची आडकाठी न्हाई. पर फौजंचं नाव लावून पाव भाजला म्हणून सांगायचं, ह्यात पलटणीची शोभा हुती का? ती तिसरी वळ तेवढी पुसा. सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं खुर्ची दितो. आन कँटीनला रोज तीनशे पाव. गाव काय, चार दिसांत इसरतंय."

नाथाजीला वाटलं, देव पावला. एक ओळ गेली की तोफ परत येईल, पार परत येईल, आणि वर तीनशे पाव. पोराशी बोलण्यात त्याला राम दिसेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं ट्रॉलीला लावून उरलेला लाल रंगाचा डबा घेतला, ब्रश घेतला आणि शेडकडं निघाला.

बाहेर स्टूल शोधत होता, तेवढ्यात आतून हाक आली. "आबा, आत या. भायेर गार हाय."

आत वीरधवल उघड्या दंडानं उभा होता. टेबलावर साखरेऐवजी गूळ घालून मळलेल्या पिठाच्या परातीवर फौजेतलं काळं कांबळं पांघरलेलं होतं.

"कांबळं कशापायी?" न राहवून नाथाजीनं विचारलं.

"थंडीत पीठ फुगत न्हाई. वर बर्फातल्या ठाण्यावर तर पाणी दगड व्हायचं. तितं आमी पिठाचा गोळा पोटाशी धरून बसायचो, पाळीपाळीनं. न्हाईतर पोरांना पाव मिळायचा न्हाई."

"हे कवा बोलला न्हाईस मला."

"तुमी कवा इचारलं, आबा? तुमाला तोफ पायजे हुती."

नाथाजीच्या जिव्हारी लागलं. त्यानं डबा टेबलावर आपटला आणि सुभेदारांचा निरोप एका दमात सांगून टाकला. खुर्ची, कँटीन, तीनशे पाव, सगळं. वीरधवलनं पुरतं ऐकून घेतलं.

"दोन आधणांत तीनशे पाव बसत न्हाईत. आन तिसरं आधण मी लावणार न्हाई. माझ्या हातानं नीट हुतं तेवढंच करतो." त्यानं हात पुसले. "वळ पुसायची आसंल तर पुसा. स्टूल दाराआड हाय. तुमी बाप हाय, आडवणार न्हाई. पर मी उद्या परत लिवणार. अठरा वर्सं तुमचं खोटं संबाळलं मी. आता माझं खरं तुमी संबाळा."

दीपमाला गल्ल्यामागं उभी होती. तिनं मान खाली घातली नाही, सासऱ्याकडं सरळ बघत राहिली.

नाथाजीनं तणतणत स्टूल उचललं, बाहेर नेलं आणि बोर्डाखाली मांडलं. डब्याचं झाकण उघडून तो स्टुलावर चढला. ब्रश रंगात बुडवला. आणि तेवढ्यात त्याच्या नाकाला वास आला.

तो वास ओळखायला त्याला विचार करावा लागला नाही. नाथाजी नुसता शेतकरी नव्हता, गुळव्या होता. उकळत्या रसाचा गूळ नेमका कधी झाला, हे ठरवणारा माणूस. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून दोन बोटांत गोळी वळायची आणि म्हणायचं, उतरा. क्षणभर आधी सांगितलं तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर सगळी काहील करपली. सहा गावचे लोक त्याला गाडी पाठवून न्यायचे.

"काढ!" तो स्टुलावरूनच ओरडला. "गूळ लागाय लागलाय."

"अजून चार मिनिटं हायत," वीरधवल घड्याळाकडं बघत म्हणाला.

"घड्याळ घाल चुलीत. काढ म्हणतो न्हवं."

वीरधवलनं पत्रे बाहेर ओढले. पाव तांबूस झाले होते, कडेला नुसती काळपट रेघ उमटू लागली होती. आणखी चार मिनिटांत चाळीसच्या चाळीस म्हशीपुढं गेले असते. नाथाजी तोवर आत आला होता. कोपऱ्यातल्या गुळाच्या ढेपेचा खडा मोडून त्यानं जिभेवर ठेवला.

"कुणाचा गूळ हा?"

"कालच नवा आणला."

"रसावरची मळी नीट काढली न्हाई त्यानं. असला गूळ लवकर लागतो. माल बघून तरी घ्यावा माणसानं."

बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं, की आपण उभे आहोत ती जागा तीच आहे. याच चुलवाणापुढं त्यानं चाळीस हंगाम काढले होते. रस उकळला, ढवळला, उतरवला. दुसरं काय होतं ते? रांधणंच होतं. पण गावात कुणी त्याला आचारी म्हटलं नव्हतं. मग पोराच्या पाव भाजण्याला बोल कुणी लावले? गावानं लावले ते आत्ता, या महिन्यात. त्यानं स्वतः लावले होते अठरा वर्षांपूर्वी, पारावर बसून, पोरगा फौजेत पहिला पाव भाजायच्याही आधी. नाथाजीला अशी लाज वाटली की त्यानं भट्टीकडं तोंड फिरवलं.

मग त्यानं दोन गरम पाव टॉवेलात बांधले, रंगाचा डबा उचलला आणि पारावर गेला.

पारावर नेहमीची मंडळी होती, सुभेदारही होते. नाथाजी आपल्या जुन्या जागी बसला, टॉवेल सोडला आणि खायला लागला. पावाचा वास पारभर झाला. आता पाराची रीत अशी, की तिथं तंबाखूची चिमूटसुद्धा कुणी एकट्यानं खात नाही. नाथाजीनं कुणाला घासभर विचारलं नाही.

सुभेदारांनी डब्याकडं बघितलं. "पुसली का वळ?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "पुसायची बी न्हाई."

"आन तोफ?" कोणीतरी मागून हसत विचारलं.

नाथाजीनं तोंडातला घास संपवला. "तोफ मी सांगितली. पोरानं कवा सांगितली न्हाई. लबाडी माझी हाय, त्याची न्हवं. माझं पोरगं फौजंत पाव भाजत हुतं. हसायचं आसंल तर मला हसा, पर माझ्या म्होरं बसून हसा." मग तो सुभेदारांकडं वळला. "सुभेदार, तुमी वर ठाण्यावर हुता, तवा सकाळचा पाव यायचा का?"

"यायचा की."

"भाजला कुणी, इचारलं का कवा?"

सुभेदारांनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. पारावरचं हसणंही थांबलं. शेवटी म्हातारा बाळासो हात पुढं करून म्हणाला, "नाथाजी, तुकडा तरी दे गड्या."

"दुकान हाय तितं," नाथाजी म्हणाला. "जाऊन घ्या. आन बिगीनं जावा, दोनच आधणं असत्यात." उरलेला पाव त्यानं सगळ्यांच्या देखत सावकाश खाल्ला.

रागानं का होईना, बाळासो उठला आणि गेला. त्या दिवशी वीस पाव गेले. दुसऱ्या दिवशी बाळासोची सून आली, कारण म्हाताऱ्यानं घरी दुसरं काही खायचं नाकारलं होतं. तिच्या मागून तिची जाऊ आली. चहात बुडवला तरी हा पाव तुटून पडत नाही, असं बायकाबायकांत झालं, आणि बायकांचं बोलणं गावात कुठल्याही बोर्डापेक्षा लांब जातं. दुसऱ्या आठवड्यात कराडहून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर थांबून चार पाव बांधून न्यायला लागला. पहिलं आधण साडेसहाला निघायचं, आठ वाजता दीपमाला 'संपले' म्हणायची, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात जरा जास्तच ठसका असायचा. लोक चिडायचे. म्हणायचे, तिसरं आधण लावायला काय धाड भरली? वीरधवलनं लावलं नाही. नाथाजी रोज पहाटे भट्टीपाशी बसायला लागला. शेजारगावच्या गुऱ्हाळावर जाऊन गूळही तोच पारखून आणायचा.

सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं खुर्च्या मांडल्या गेल्या. वीरधवलला बोलावणं नव्हतं. त्यानं शेडच्या दारात उभं राहून झेंड्याला सलाम केला आणि दुसरं आधण बघायला आत गेला.

नऊच्या सुमाराला सुभेदार आप्पासो एकटेच आले, कोटावर पदकं तशीच. दुकान रिकामं होतं. बाहेर स्टुलावर नाथाजी उभा होता, हातात ब्रश, शेजारी लाल रंगाचा डबा.

"दोन पाव द्या," सुभेदार म्हणाले.

"संपले," नाथाजी मागं न बघता म्हणाला.

सुभेदारांनी मान वर केली. तिसरी ओळ होती तिथंच होती. तिच्याखाली चौथी, न सरावलेल्या हातानं, वाकड्यातिकड्या लाल अक्षरांत उतरत होती. 'गूळ पारखणारा नाथाजी, याचा बाप.' 'बाप'मधला प अजून पुरा व्हायचा होता.

सुभेदारांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग जरा खाकरून म्हणाले, "उद्या कवा येऊ?"

"साडेसहाला," नाथाजी म्हणाला, आणि प पुरा केला. "आन सुभेदार, रांग आसती. मागं उभं ऱ्हावं लागंल."