शारदाबाईंची हळद

झाशीच्या नगरा वस्तीत राहणाऱ्या शारदाबाईंना गर्व होता तो आपल्या हळदीचा. वीस वर्षं त्या एकेक हळकुंड पारखून घरच्या चक्कीवर दळत आल्या होत्या, आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला झाशीतल्या झाडून साऱ्या मराठी बायकांच्या हातात त्यांचीच पुडी पडायची. हा मान त्यांना आयता मिळाला नव्हता.

यंदा महिनाभर आधीच मराठी महिला मंडळाच्या अध्यक्ष कमलिनीबाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ धाडला. साबण लागताच हळद लाल झाली तर तिच्यात विषारी रंग आहे, असं एक माणूस हिंदीतून ठणकावून सांगत होता. खाली कमलिनीबाईंचा निरोप होता : 'तुमच्या हळदीचा पदरावरचा डाग साबणाने लाल झाला. यंदा पुड्या बाजारातून आणू.' उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शारदाबाईंना दिवसभर घास गेला नाही. संध्याकाळी त्यांची लेक इरा कॉलेजातून आली. ती रसायनशास्त्र शिकत होती. व्हिडिओ पाहून ती हसली आणि म्हणाली, "आई, चल. चुना घे बरोबर."

खंडेराव गेटजवळ कमलिनीबाईंच्या घरी मंडळाच्या बायका जमल्याच होत्या. इराने बशीत आईची हळद घेतली आणि वर चुन्याची निवळी ओतली. हळद लालभडक झाली.

"देखो, झाली ना लाल?" कमलिनीबाई म्हणाल्या.

"काकू, नवरात्रात तुम्ही घरी कुंकू कशाचं करता?"

"हळदीचं. चुना घालून..." कमलिनीबाई बोलता बोलता थांबल्या. सासूने शिकवलेलं ते कुंकू त्या चाळीस वर्षं करत होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"साबणाचं पण तसंच आहे," इरा म्हणाली. "हळद लाल होणारच. नाही झाली तर शक घ्यायचा."

शारदाबाईंची मान ताठ झाली. तेवढ्यात कमलिनीबाईंची सून मुग्धा म्हणाली, "मतलब ही हळद एकदम शुद्ध, हो ना?"

"ते नाही कळत यावरून," इरा म्हणाली. "ही हळद आहे, इतकंच कळतं. हिच्यात दुसरा पिवळा रंग मिसळलाय की नाही, ते लॅबवालेच सांगतील."

शारदाबाईंना संताप आला. पोटची पोर, एक 'हो' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण इराची नजर खाली गेली नव्हती. ती पाहून शारदाबाईंचा राग जागच्या जागी विरला.

"बरोबर बोलतेय ती," त्या उठून म्हणाल्या. "कमलिनीबाई, माझ्या डब्यातली हळद तुम्हीच आपल्या हाताने काढा आणि तपासायला पाठवा."

हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी अहवाल आला. हळदीत परका रंग नव्हता. पुड्या वाटताना कमलिनीबाई शारदाबाईंच्या जवळ आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "हळद अस्सल निघाली हो तुमची."

"हळदीचं राहू द्या," शारदाबाई म्हणाल्या. "माझी पोरगी आईसाठीसुद्धा खोटं बोलली नाही, ते बघितलंत ना?"