वजनदार माणसाची फेरी

भाऊजी आणि मी एकाच कंपनीत आहोत. आम्ही वजनकाटे बनवतो. धान्याच्या पोत्यापासून भरल्या ट्रकपर्यंत म्हणाल ते तोलून देतो. भाऊजी काटे विकतात आणि मी त्यांच्या प्रवासाची तिकिटं काढतो. म्हणजे नात्याने ते माझ्या बहिणीचे यजमान, आणि पगार मला मिळतो तो त्यांना घराबाहेर काढण्याचा. ही दोन नाती एकमेकांना किती धरून आहेत, हे मला उशिरा कळलं.

ताई घरी पुस्तकांची बांधणी करते. भाऊजी आठवडाभर विमानाने हिंडत, तेव्हा जेवणाचं टेबल तिचं असे. एका टोकाला चिकटवायच्या खळीचं भांडं, दुसऱ्या टोकाला पुठ्ठे, मधे पोट उसवलेलं पुस्तक. शनिवारी भाऊजी उगवले की टेबल पुन्हा जेवणाचं होई. संसार सुखाचा होता.

अशात गावच्या ग्रंथालयाने तिला नकाशांची जुनी पुस्तकं बांधायला दिली. एकेक पुस्तक उशीएवढं. महिनाअखेर नीट करून दिली तर पुढे सगळ्या ग्रंथालयाचं काम तिलाच मिळणार होतं. आणि नेमकी तेव्हाच आमच्या मोठ्या साहेबांना हवेची काळजी वाटू लागली.

"आपल्या प्रवासातून वर्षाला किती धूर निघतो ते काढलंय," साहेब सभेत म्हणाले. "टनात आहे."

टन म्हटलं की आमच्याकडे सगळे सावरून बसतात. दुसऱ्या एखाद्या कंपनीने प्रवास कमी केला असता. आम्ही वजन कमी करायचं ठरवलं. हलकं विमान इंधन कमी पितं, असं साहेबांनी कुठेसं वाचलं होतं. तेव्हा हुकूम निघाला: बॅगेसकट जो सर्वांत हलका भरेल, त्यानेच दौऱ्यावर जायचं.

गोदामात तोलणी झाली. भाऊजी बॅग घेऊन काट्यावर उभे राहिले. आकडा पाहून काट्यात खोट आहे म्हणावं, तर त्याच काट्याच्या अचूकपणाची शपथ ते वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांपुढे घेत आलेले.

"बॅग खाली ठेवून बघू या," ते म्हणाले.

बॅग खाली ठेवली. फारसा फरक पडला नाही.

पहिला आला आमच्या विभागातला एक जण, ज्याला सगळे काडी म्हणतात. हा इतका सडपातळ की पंख्याखाली बसताना टेबल धरून बसतो. सगळे दौरे त्याला मिळाले. तो सोमवारी एका गावी उडाला, परत आला, मंगळवारी शेजारच्या गावी उडाला, परत आला. विमानं पूर्वीएवढीच उडत होती, फक्त आता त्यांत काडी होता. भाऊजी मात्र घरी बसून पडद्यावरून गिऱ्हाइकांशी बोलू लागले. घरी म्हणजे टेबलावर.

चार दिवसांत ताईचा फोन आला.

"तुझ्या भाऊजींना कुठेतरी पाठव."

"ताई, वजनाचा नियम आहे."

"खळीच्या भांड्यात चमचा बुडवला त्यांनी. दही समजून. वर म्हणतात, आंबट नाही लागलं."

मी संध्याकाळी गेलो. टेबलावर भाऊजींचा लॅपटॉप मांडलेला, आणि ताई जमिनीवर बसून शिवत होती. एक बांधून झालेलं पुस्तक तिने दाखवलं. पुठ्ठा पापडासारखा वाकला होता.

"पुस्तक दाबायचा शिकंजा लहान पडतो," ती म्हणाली. "वर वजन ठेवलं तरी पुरत नाही. हे एकच सरळ झालंय बघ." तिने दुसरं पुस्तक पुढे केलं. खरंच, फरशीसारखं सपाट होतं.

"हे कसं जमलं?"

"बाकावर फळ्यांमध्ये दाबून ठेवलं होतं. तुझे भाऊजी न बघता त्यावर बसले आणि तासभर गिऱ्हाइकाशी बोलले. तेव्हा मी भांडले. पुस्तक नंतर उघडून पाहिलं. यांना अजून सांगितलेलं नाही."

आतून भाऊजी म्हणाले, "काय गं सांगितलं नाहीस?"

"चहा ठेवलाय, ते."

मी तिचं शिवण बघत राहिलो. पानांच्या जुड्या एकावर एक, आणि सुई एकीतून निघून दुसरीत.

"प्रत्येक जुडी वेगळी शिवत नाहीस?" मी विचारलं.

"वेगळी शिवून गाठ मारत बसले तर दोरा संपेल आणि पुस्तक व्हायचं नाही. एका दोऱ्यात सगळ्या घ्यायच्या, गाठ शेवटी."

तिने सुई थांबवली. माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. बहीणभावांचं डोकं कधीकधी एकदमच चालतं. लहानपणी त्यामुळे दोघांना एकदमच मार बसायचा.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे नकाशा ठेवला. भाऊजींची गावं एकाच रेल्वेमार्गावर होती, मण्यांसारखी. सोमवारी निघायचं, गावामागून गाव करत शनिवारी परतायचं. मधे घरी येणं नाही, विमान तर नाहीच.

साहेबांनी धुराचा हिशेब मागवला. टन जाऊन किलो आले. त्यांचा चेहरा खुलला, मग पडला. "पण त्यांचं वजन?"

"आगगाडी आहे साहेब. ती तुमच्या ट्रकच्या काट्यासारखी. माणूस चढलेला तिला कळत नाही."

साहेबांना उपमा पटली. काडीची सुटका झाली. तो बिचारा त्या आठवड्यात आणखी बारीक झाला होता.

कठीण गेलं ते भाऊजींना. विमान कंपनीने त्यांना सोनेरी कार्ड दिलं होतं, ते दाखवलं की मऊ खुर्ची आणि गरम रुमाल मिळे.

"गाडीत रुमाल कोण देणार?" ते म्हणाले.

"मी देते," ताई म्हणाली, आणि बॅगेत सहा रुमाल घातले.

सोमवारी भाऊजी गेले. टेबल मोकळं झालं. ताईने आठवडाभर शिवलं, खळ लावली, पुठ्ठे चढवले. शुक्रवारी तिने मला फोन करून गाडी कधी पोचते ते विचारलं. शनिवारी पुन्हा विचारलं.

भाऊजी आले ते ताजेतवाने. गाडीत झोपले होते, खिडकीबाहेर बघितलं होतं, आणि समोरच्या बाकावरच्या भुसार व्यापाऱ्याला एक काटा विकला होता. "विमानात शेजारचा माणूस डोळे मिटून घेतो गं," ते ताईला म्हणाले. "इथे दिवसभर समोरच बसलेला, जातो कुठे?"

टेबल जेवणासाठी पुसून ठेवलेलं होतं. बाकावर मात्र फळ्यांमध्ये नकाशांची पुस्तकं रचलेली होती, वर उशी.

"बसा," ताई म्हणाली.

भाऊजींनी बाकाकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती वेळ?"

"खळ वाळेपर्यंत. पहिल्या गावापासून सांगा सगळं. काही गाळू नका."

भाऊजी बसले. ताईने त्यांचं ताट तिथेच आणून दिलं, आणि ते तिसऱ्या गावाला पोचेपर्यंत पुस्तकं सरळ व्हायला लागली होती.