साखर पेठेचं पाणी

"तिकडं नगं, तात्या. तिकडं बघण्यासारखं काय न्हाय."

कोंडीबाने बिरप्पाच्या दंडाला धरून त्याला उलट बाजूला वळवलं. त्या कोपऱ्यावरून सरळ गेलं की साखर पेठ लागत होती, आणि आज काहीही झालं तरी या म्हाताऱ्याचे पाय साखर पेठेत पडू द्यायचे नव्हते.

"आरं पर खटाक खटाक ऐकू येतंय की. माग हायती जणू तिकडं."

"माग समद्या शेरात हायती. चला, तुमास्नी किल्ला दावतो."

"किल्ला मगाशी दावलास की."

"मागच्या अंगानं कुटं दावलाय?"

बिरप्पाने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, डोईचं तांबडं पागोटं सारखं केलं आणि निमूट चालू लागला. कोंडीबाने उपरण्याने मान पुसली. चैत्र अर्धा सरला होता. सोलापूरच्या उन्हात रस्त्यावरचे धोंडेसुद्धा बसल्या जागी उलतील असं वाटत होतं. पण कोंडीबाला घाम फुटला होता तो उन्हाने नव्हे.

कोंडीबा म्युनिसिपालटीच्या नळखात्यात चावीवाला होता. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी टाकायची, ठरल्या वेळी ठरल्या पेठेत जायचं, रस्त्यातलं झाकण उचलून चावी आत घालायची आणि पाणी सोडायचं. चौदा वर्षं तो हेच करत होता. शहरातला बोळ न् बोळ त्याला ठाऊक होता, पण शहरात त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बायका नुसत्या 'पाणीवाला आला' म्हणायच्या. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एकच होतं, की तो कधी उशिरा पोचला नव्हता.

बिरप्पा त्याच्याच वाडीचा. माळशिरसच्या पलीकडं माळावर धनगरांची वीसेक घरं, तिथला. चार वर्षांपूर्वी बिरप्पाने आपला एकुलता एक मुलगा सिद्धाप्पा कोंडीबाच्या हवाली केला होता. "तुज्या नदरंखाली ऱ्हाऊ दे," म्हणाला होता. कोंडीबाने पोराला मिलमध्ये मागावर चिकटवलं, स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं. आणि त्याच्या नजरेखालीच सिद्धाने दोन वर्षांमागे साखर पेठेतल्या एका तेलुगू विणकराच्या मुलीशी, नरसम्माशी, लग्न केलं. आता त्यांना सात महिन्यांची मुलगी होती. वाडीला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तिथं मामाची मुलगी म्हाळसा सिद्धाच्या नावानं लहानपणापासून सांगून ठेवलेली होती. वाडीहून पत्र आलं की इथून उत्तर जायचं, सुटी मिळत नाही.

शेवटी बिरप्पाचंच कार्ड आलं. गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. पोराला घेऊन जातो. लग्न आठ दिसांवर हाय.

ते कार्ड घेऊन सिद्धा काल कोंडीबाकडे आला, तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कोंडीबानाना, उद्याच्याला खाडा केला तर मुकादम घरी बसवील. सांजच्याला मी तुमच्या खोलीवर येतो. माझ्या तोंडानं सांगतो तात्याला. तवर त्येला शेर दावा. कुटंबी न्या, पर आमच्या गल्लीत नगं."

"आन इचारलं तर?"

"सांगा कायबी."

'कायबी' सांगणं कोंडीबाला कधी जमलं नव्हतं. सकाळपासून त्याने जेवढं खोटं सांगितलं, तेवढं उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसवून तो म्हणाला, सिद्धा रोज हितं पाया पडाया येतो. बिरप्पाने आटलेल्या तळ्याकडे बघून विचारलं, "येवढ्या पाण्यात किती मेंढरं निभतील रं?" आणि मग त्याच दमात, "रोज येतो व्हय? मिलातनं सुटून? लांब पडत आसंल की." म्हातारा साधा होता, पण खुळा नव्हता. आयुष्यभर कळपामागं चालून शेकडो मेंढरांतलं एक कमी झालं तरी न मोजता ओळखणारा माणूस तो.

दुपारी त्याने विचारलं, "भाकरीचं कसं करतो त्यो?"

"खानावळ हाय. सोजरबाईची."

"मंग तितंच जेवू की. पोरगं काय खातंय कळंल तरी."

आता नाही कसं म्हणायचं? बाळीवेशीजवळच्या त्या अंधाऱ्या खोलीत सोजरबाई चुलीपुढं भाकरी बडवत होती. कोंडीबाने तिला डोळ्यांनी खुणावण्याआधीच बिरप्पा बोलून गेला, "बाई, आमच्या सिद्धाला हितंच वाढता न्हवं?"

"सिद्धा? आवं, दोन वरसं झाली त्यो..."

कोंडीबाला असा काही ठसका लागला की ताटातली शेंगाचटणी उडाली. सोजरबाईने त्याच्याकडे बघितलं. बाई हुशार. हातातली भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "दोन वरसं झाली, त्यो पोरगा माज्या भाकरीला कदी नाव ठेवत न्हाय."

बिरप्पा हसला नाही. चतकोर भाकरी त्याने पानात तशीच ठेवली. बाहेर पडल्यावर बराच वेळ तो काही विचारेना, आणि विचारण्यापेक्षा ते न विचारणंच कोंडीबाला जड जाऊ लागलं.

खरी अडचण पुढंच होती. चार वाजता पाणी सोडायचं होतं, आणि आजची पाळी साखर पेठेची. दुसरा चावीवाला निंगप्पा तापाने अंथरुणाला खिळलेला. उन्हाळ्यामुळे पेठेला दिवसाआड पाणी. आज चुकलं तर बायाबापड्या परवापर्यंत कोरड्या हंड्यांकडे बघत बसणार. कोंडीबाने बिरप्पाला देवळाच्या सावलीत नेलं.

"तात्या, हितं जरा पडा. मी घटकाभरात काम करून आलो."

"म्या न्हाय पडत. येकला कुटं सोडतोस मला?"

"ऊन लई हाय."

"ऊन मला सांगतोस व्हय रं? तुजं काम बी बगू की. शेर दावाया लागलायस तर समदं दाव."

साडेतीन होऊन गेले होते. कोंडीबाने खोलीवरून चावी घेतली. ती चौदा वर्षांत खांद्याला कधी जड लागली नव्हती, आज लागली. वाटेत त्याच्या मनात आलं, इथंच खाली बसावं आणि सगळं सांगून टाकावं. दोनदा तो थांबलाही. पण सिद्धा म्हणाला होता, माझ्या तोंडानं सांगतो. दुसऱ्याच्या घरचं गाऱ्हाणं आपण कसं मांडायचं?

साखर पेठेत घराघरातून माग वाजत होते. दारांपुढं रंगवलेल्या सुताच्या लाल-हिरव्या लडी वाळत पडल्या होत्या. बिरप्पा एका खिडकीपाशी थांबला. आत खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर धोटा फेकत होता. घोंगडी विणणाऱ्या घरातला बिरप्पा, मागापुढून त्याचे पाय हलेनात.

"हात लई हलका हाय गड्याचा," तो म्हणाला.

नळकोंडाळ्यावर हंड्याकळश्यांची रांग लागली होती. बायका तेलुगूत भांडत होत्या. कोंडीबाने झटकन सगळ्या तोंडांवरून नजर फिरवली. नरसम्मा नव्हती. त्याने मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडले, झाकण उचललं, चावी आत घातली आणि अंगाचा भार देऊन फिरवली. नळातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. बायकांचा गलका उठला. आता दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं, मग म्हाताऱ्याला घेऊन इथून काढता पाय घ्यायचा.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नरसम्मा आली. डोईवर दोन हंडे, कडेवर पोर. तिने पोरीला एका म्हातारीशेजारी फरशीवर बसवलं आणि रांगेत घुसली. पोर रांगत रांगत थेट नळाखालच्या चिखलाकडे निघाली.

"मायाक्का!" नरसम्मा ओरडली. "ए मायाक्का, तिकडं नको! पाणीत नको!"

बिरप्पा खिडकीपाशी होता. तो वळला.

मायाक्का हे धनगरांच्या देवीचं नाव. साखर पेठेत कुणी आपल्या पोरीला ते ठेवत नसे. आणि मायाक्का हे बिरप्पाच्या बायकोचं नाव होतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

कोंडीबाच्या हातात चावी होती, ती त्याला ना फिरवता येईना ना सोडता येईना. बिरप्पा चार पावलं पुढं आला, चिखलात पोचलेल्या पोरीला त्याने दोन्ही काखांत धरून उचललं आणि समोर धरून तिच्याकडे बघत राहिला. पोर रडली नाही. तिने त्याच्या पांढऱ्या मिशीला हात घातला.

नरसम्मा धावत आली. "बाबा, द्या इकडं. धोतर घाण होतंय तुमचा."

"नाव कुनी ठिवलं हिचं?" बिरप्पाने विचारलं. आवाज अगदी नेहमीचा होता.

"तिचा बापानं. त्याचा आईचं नाव हाय." मग कोंडीबाकडे बघून तिने विचारलं, "अन्ना, हे बाबा कोन?"

नरसम्माला सिद्धाने आजचं काही सांगितलं नव्हतं; तिचा जीव कशाला टांगणीला लावा म्हणून. बिरप्पाच म्हणाला, "म्या कोंडीबाच्या गावचा. शेर बघाया आलोय."

"उन्हात फिरताव? थांबा."

तिने बायकांना कोपराने बाजूला सारून तांब्या धारेखाली धरला, विसळला, भरला आणि त्याच्यापुढं केला. बिरप्पाच्या जातीत परक्या हातचं पाणी कुणी घेत नसे. वाडीवर तो स्वतः पंचांच्या पंगतीला बसणारा, याच कारणासाठी दोघांना वाळीत टाकलेलं त्याने पाहिलं होतं, त्या निवाड्यावर मान हलवली होती.

बिरप्पाने पोर तिच्या आईकडे दिली. खाली वाकून ओंजळ धरली. नरसम्मा ओतत राहिली आणि तो पीत राहिला, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग ओले हात तोंडावरून फिरवून तो म्हणाला, "ग्वाड हाय." आणि चालू लागला.

पेठेबाहेर आल्यावर कोंडीबाने रस्त्यातच त्याचे पाय धरले.

"तात्या, चुकलं माजं. माज्या नदरंखाली दिलं हुतं तुमी..."

"ऊठ. लोकं बगत्यात." बिरप्पा एका ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "पोरगी चांगल्या घरची दिसती?"

"कष्टाळू हाय. सिद्धा सुखी हाय, तात्या. सांजच्याला त्यो येनार हाय, समदं सांगनार हाय तुमास्नी."

"म्हनूनच तवर थांबत न्हाय मी." बिरप्पा खाली बघत बोलत होता. "त्येनं सांगितलं म्हंजे मला कळलं. मला कळलं म्हंजे पंचांस्नी सांगावं लागंल. मेव्हण्याच्या दारात जाऊन सांगावं लागंल, तुज्या पोरीला नाकारलं. मंग वाडी त्येचं नाव टाकनार, आन टाका म्हनाया मलाच बसवनार. भेटलोच न्हाय, तर काय सांगायचं? शेर लई मोटं हाय. पोरगं घावलं न्हाय. म्हाळसाला दुसरीकडं देत्याल."

"आन तुमी?"

बिरप्पाने पागोटं सारखं केलं. काठी टेकून तो उठला.

"गाडी कवा हाय?"

"सहाला."

"मंग ऱ्हायलेलं शेर दाव. लोकं इचारत्याल, कुटं कुटं हुडीकलंस. येवढं येक तरी खरं सांगता आलं पायजे."

मग कोंडीबाने त्याला खरंच शहर दाखवलं. बाजार दाखवला, तुळजापूर वेस दाखवली, गिरणीकामगारांच्या चाळी दाखवल्या. म्हातारा प्रत्येक जागेचं नाव विचारून तोंडातल्या तोंडात घोकत होता. शेवटी ते मिलच्या कुंपणाशी आले. आत शेकडो माग एकाच वेळी चालल्याचा घुमारा होता.

"ह्यात आसतो?"

"व्हय. ह्याच भिंतीच्या आतल्या अंगाला."

बिरप्पाने भिंतीला तळवा लावला. "थरथरती की रं," तो म्हणाला, आणि हात तसाच ठेवून उभा राहिला. कोंडीबा दुसरीकडे बघत होता. पाच वाजून गेल्यावर त्यालाच सांगावं लागलं, की आता निघायला हवं.

स्टेशनावर कोंडीबाने त्याला खिडकीपाशी बसवून दिलं. गाडी हलताना बिरप्पा खिडकीतून एवढंच म्हणाला, "पोरीला चिखलात सोडत जाऊ नका म्हनावं. मुंग्या आसत्यात." कुणाला सांगायचं, हे तो बोलला नाही.

कोंडीबा परत निघाला तेव्हा मिलचा भोंगा कधीच होऊन गेला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला आपली गल्ली लांबच लांब व्हावी असं वाटत होतं. ती झाली नाही. खोलीच्या दाराशी सिद्धा उभा होता. अंघोळ केलेला, धुतलेलं धोतर नेसलेला. दोन वर्षांत डोईला टोपीशिवाय काही माहीत नसलेल्या त्या पोराने आज गावाकडच्यासारखं पागोटं बांधलं होतं, सवय मोडल्यामुळे ते एका कानावर कललं होतं. ओठ पुटपुटत हलत होते; बोलायचं ते तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.

कोंडीबा दिसताच तो सावरून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पागोटं सरळ केलं. कोंडीबा जवळ आला, अगदी समोर येऊन थांबला, तरी सिद्धा त्याच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडेच बघत होता.