राणीच्या पायातले खिळे

भडगावच्या टांगा स्टँडवर तिसऱ्या दिवशीही गर्दी मावत नव्हती. मधोमध हनीफची घोडी राणी चारही पाय ताठ करून उभी होती. जबडा मिटलेला, डोळ्यांवर पांढरा पडदा. जरा आवाज झाला की अंगभर थरथरायची. करणी उतरवणारा वनाबाबा तिच्या पायांवरून कणकेचा गोळा फिरवत होता.

"सात समुद्रांपलीकडची करणी आहे. पण माझ्यापुढे तिचं काही चालत नाही."

सात समुद्र ओलांडून आलेल्या करणीला हनीफचाच टांगा बरा सापडला. बाबाने गोळा फोडला. चार गंजके खिळे खाली पडले.

"करणी शे, हनीफभाई," शेजारचे म्हातारे टांगेवाले लोटनआबा कुजबुजले.

हनीफने हात जोडले. रोज खिळे निघत होते आणि राणी रोज जास्तच ताठरत होती. त्याच्या बायकोला, रईसाला, राहवलं नाही. ती जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर सुकदेव पाटलांना घेऊन आली.

डॉक्टरांनी खुराजवळची जखम पाहिली. "हे कधीचं?"

"पंधरा दिवस झाले. नाल ठोकताना लागलं."

"लस दिली होती?"

हनीफची मान खाली गेली. "बाबा म्हणाले, सुई टोचली की त्यांनी गळ्यात बांधलेल्या गंड्याचं बळ जातं."

डॉक्टरांनी पडलेले खिळे उचलले, थोडी कणीक घेतली आणि तिचा गोळा टांग्याच्या चाकावरून फिरवून फोडला. चार खिळे पडले.

"चाकालाही करणी झाली? खिळे मी आताच आत दडवले. तुम्ही फिरणारा हात बघत होता. बाबा, आता रईसाबाईंनी मळलेल्या कणकेतून काढा."

आज तिथी बरोबर नाही, म्हणत बाबा निघून गेला.

"राणी वाचेल?" हनीफने विचारलं.

"धनुर्वात आहे. जखमेतून शिरलेल्या जंतूंचं विष. प्रयत्न करतो, पण तीन दिवस गेले."

दुसऱ्या दिवशी दुपारी राणी गेली. रईसा कितीतरी वेळ तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

आठवड्याने हनीफ राणीची दोन वर्षांची लेक, शिंगी, घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी बर्फातली बाटली काढली, नवी सुई घेतली.

"दोरी हातात धरा, खुंटाला बांधू नका. माझ्याच बाजूला, खांद्याजवळ उभे राहा. मागे कोणी नको."

मानेवर हळूच थोपटत त्यांनी स्नायूत सुई टोचली. शिंगीने फक्त कान हलवला.

"अर्धा तास थांबा. सूज, धाप दिसली तर लगेच सांगा. महिन्याने दुसरी लस, मग दरवर्षी."

"राणीला एवढंच पुरलं असतं?"

"एवढंच."

हनीफ शिंगीच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास उभा राहिला. संध्याकाळी स्टँडवर बाकीचे टांगेवाले जवळ आले, तेव्हा तो एवढंच बोलला, "माझी घोडी माझ्या भोळेपणाने गेली. कोणी काही सांगितलं तर आधी विचारा, तपासून बघा. मुकं जनावर स्वतः विचारू शकत नाही."