आत सुती नको

"आई, आत सुती काही घालायचं नाही. एक धागासुद्धा नाही. सुती घाम पितं आणि धरून ठेवतं, लवकर सुकत नाही. वर बर्फात तेच जिवावर बेततं."

देवेशचं हे बोलणं शेवंतीला त्याच्या आवाजासकट पाठ होतं. गोदामाचा लोखंडी जिना अठराव्यांदा चढताना ते तिला पुन्हा ऐकू आलं, आणि तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"काकी, चेन उघडी ठेवा, दम लागेल," खालून कल्पिता म्हणाली. "अजून दोन फेऱ्या. घाम आला पाहिजे."

"आलाय गो. पाठीवरून नदी चाललीय."

"मग बरोबर चाललंय."

गोदाम आइस्क्रीमचं, शिळफाट्याच्या अलीकडे. एके काळी इथे शेवंतीच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं. आता तिचा पुतण्या रत्नदीप तिथे देखरेख करायचा. आतली मोठी खोली उणे अठरा अंशांवर असे. देवेश डोंगरात माणसं नेण्याआधी प्रत्येक जाकीट, बूट, हातमोजा इथे आणून तपासायचा, आणि कल्पिता चार वर्षं त्याच्याबरोबर हेच काम करत होती. त्याची रीत ठरलेली. सॅक पाठीवर घेऊन जिन्याच्या वीस फेऱ्या, अंग घामेजलं की चाळीस मिनिटं आत. कोरड्या अंगाला गोधडीही पुरते, तो म्हणे, खरी परीक्षा घामानंतर.

मागल्या वर्षी माघात तो बर्फातल्या मोठ्या मोहिमेवर गेला, तेव्हा शेवंतीने नवस बोलला होता. लेकरू धडधाकट घरी आलं तर स्वतःच्या पायांनी हिमालयात तुंगनाथाला येऊन नारळ वाहीन. सोमवार ती वीस वर्षं धरतच होती. नवरा गेल्यापासून एकही चुकला नव्हता. पोरगा आला, नाकाची सालं निघालेला, हसत. नवसाचं ऐकून आणखीच हसला.

"नेतो तुला. पुढच्या वर्षी देवळाची दारं उघडली की पहिल्या आठवड्यात. पण गोदामात पास झालीस तरच हां. तिथे देवाचा वशिला चालणार नाही."

श्रावणात तो तापाने गेला. पाच दिवसांत. डोंगरात नाही, बर्फात नाही. डोंबिवलीत, पंख्याखाली, अंग निखाऱ्यासारखं तापून. थंडीपासून राख, एवढंच तिने देवाकडे मागितलं होतं. तापाचं बोलायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ज्यानं पोरगा नेला त्याला नारळ कसला?" जाऊ म्हणाली होती.

"तवा त्यानं आणला ना घरी," शेवंती म्हणाली. "मी बोललेलं हाय."

यंदा तुंगनाथाची माणसं कल्पिता नेणार होती. शेवंती तिच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा तिने आधी तिला आत बसवलं. मग म्हणाली, "त्याची परीक्षा, त्याच्याच रीतीने. नापास झालात तर नेणार नाही, काकी. मला आता आणखी कुणाला..."

विसावी फेरी झाली. रत्नदीपने जाड दरवाजाचा दांडा ओढला. काकीला पँटमध्ये पाहून तो सकाळपासून भिंतीकडे बघूनच बोलत होता.

"काकी, तुमचा देव पण कुठे जाऊन बसलाय! आपल्या अंबरनाथलाही महादेव बसलाय ना, शेअर रिक्षाने आलो असतो जाऊन."

"रिक्षानं जायाचं त नवस कशाला बोलायचा, मेल्या?"

तो हसला. तीही थोडी हसली, आणि आत गेली.

खोक्यांच्या थप्प्यांमध्ये दोन प्लास्टिकचे क्रेट पालथे घातले होते. एकावर ती बसली, समोर कल्पिता. शेवंतीने जपमाळ काढली. हातमोजे देवेशने गेल्या वर्षीच तिच्यासाठी आणून ठेवले होते. वरचा जाड आणि आत दुसरा पातळ, मण्यांचा गोल बोटांना कळावा इतका पातळ. तिची एक माळ सात मिनिटांची. सहा माळा म्हणजे परीक्षा पुरी.

पहिली माळ सुरळीत झाली. दुसरीच्या मध्यावर दोन्ही खांद्यांच्या मधे कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं वाटलं. तो हात हळूहळू खाली सरकला, कमरेपर्यंत. तिसऱ्या माळेला दात वाजू लागले. तिने ते घट्ट आवळले. मग मणी बोटांतून निसटले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ती जप मोजायची चुकली.

कल्पिता तिच्या चेहऱ्याकडेच बघत होती.

"काकी, हात आत घालते हं."

हीही देवेशचीच रीत. माणूस थंडी वाजत नाही म्हणतो, पाठ खोटं बोलत नाही. सगळ्या कपड्यांच्या आत हात घालून पाठ चाचपायची. कल्पिताचा हात जाकिटाखाली गेला, लोकरीच्या थराखाली गेला, थर्मलखाली गेला आणि थांबला.

सकाळी तिने विचारलं होतं, आत सुती नाही ना, काकी? आणि शेवंती नाही म्हणाली होती. सोमवारचा उपास असताना.

"काय आहे आत?"

कल्पिताने तिची कॉलर अलगद बाजूला केली. फिकट नारिंगी टी-शर्ट, गळ्याची शिवण एका जागी उसवलेली.

"त्याचा ना?"

"दवाखान्यात नेताना बदललेला. धुतला नाय मी."

कल्पिताने हात काढला नाही. ओल्या कापडावर तो तसाच राहिला. मग शिवण जवळून बघायची असल्यासारखी ती वाकली, आणि तिचं कपाळ शेवंतीच्या खांद्याला टेकलं. दोघींच्या श्वासांची वाफ एकमेकींत मिसळत होती.

"चला बाहेर," ती शेवटी म्हणाली. "नापास."

बाहेर चैत्राचं ऊन लाह्या फुटतील असं तापलं होतं. रत्नदीपने पाणी आणून दिलं आणि काही न विचारता लांब जाऊन उभा राहिला.

"तिथे इतकी थंडी नसेल," कल्पिता म्हणाली. "पण तो म्हणाला असता, नाही म्हणजे नाही. सॅकमध्ये घ्या हवं तर. अंगाला नको."

"बघते."

"गुरुवारी पुन्हा. शनिवारी गाडी आहे, काकी. मग नाही जमणार."

गुरुवारी शेवंती लवकर आली. वीस फेऱ्या, मग सहा माळा, एकही मणी न चुकता. शेवटच्या मेरुमण्याशी बोटं थांबली तेव्हा कल्पिताने आत हात घातला.

"कोरडी," ती म्हणाली.

पाठ खरंच कोरडी होती. डोळ्यांसाठी देवेशच्या रीतीत काही सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी देवपूजा आटोपून शेवंतीने देव्हाऱ्याखालची प्लास्टिकची पिशवी काढली. आठ महिने ती रोज एकदाच ती उघडायची, तेही पूजेनंतर, वास उडून जाऊ नये म्हणून लगेच बंद करायची. आज तिने टी-शर्ट बाहेर काढला आणि तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. सोमवारचा तिचा घाम त्यात मुरला होता. आता त्यात त्याचं किती आणि तिचं किती, तिला काही केल्या वेगळं करता येईना.

ती मोरीत बसली. बादलीत कपडा बुडवण्याआधी तिचा हात एकदा मागे आला. मग तिने तो बुडवला. साबण लावला. बाळाला न्हाऊ घालावं तसा चोळला, उसवलेल्या शिवणीशी बोट सांभाळून. तीन पाण्यांतून काढला, पिळला आणि ओटीवरच्या दोरीवर झटकून टाकला.

बाहेर रिक्षा येऊन थांबली. कल्याणला कल्पिता फलाटावर उभी राहणार होती. शेवंतीने सॅक पाठीवर चढवली, वरच्या कप्प्यात नारळ आहे ना ते चाचपलं आणि कुलूप लावून किल्ली शेजारच्या सुमतीच्या हातात दिली.

"वयनी, तो शर्ट राहिला की दोरीवर. आत घेऊ?"

शेवंतीने टी-शर्टाची कड चिमटीत धरली. बोटांवर पाणी आलं.

"नको. राहू दे. सुकला की घडी करून ठेव."

"कवा सुकेल?"

"येळ लागेल गो. सुती हाय."

तिने ओली बोटं पदराला पुसायला नेली. पदर नव्हता. मग ती तशीच रिक्षात जाऊन बसली.