दोन काचांवरचे सारखे ठिपके

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. परळच्या एका गल्लीत, जनावरांचे रक्त तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी माझी जागा आहे. माझा जन्म अंबाल्याच्या एका उपकरणांच्या कारखान्यातला. पितळी नळी, घासून घासून लख्ख केलेली भिंगे आणि खाली एक लहानसा आरसा. त्या आरशात परळचे ऊन धरून मी पस्तीस वर्षे काम केले.

रामदासकाका माझे सोबती. गिरणी बंद पडल्यावर ते इथे काचा धुवायला आले आणि शिकत शिकत तपासनीस झाले. माझ्या भिंगाला कुणाचे बोट लागले, की ते कावायचे, "अरे, डोळा आहे तो! तुझ्या डोळ्यात घालू काय बोट?" सगळे हसायचे. मला मात्र फार अभिमान वाटायचा.

गोचीड चावली, की थायलेरिया नावाचा परजीवी गाईच्या रक्तात शिरतो. तांबड्या पेशीत तो इवल्या ठिपक्यासारखा दिसतो. काकांजवळ एक जुनी काच होती. तिच्यावर जिचे रक्त होते, त्या गाईत असेच थोडे ठिपके सापडले होते आणि ती औषधाशिवाय तगली होती. त्या काचेला सगळे 'साक्षीदार' म्हणत. नवे रक्त आले, की काका आधी ते बघायचे, मग साक्षीदार बघायचे. दोन्ही सारखे दिसले, की म्हणायचे, "सौम्य आहे." पुष्कळदा ते खरे ठरले.

गेल्या वर्षी दुर्गाबाई आल्या. लालबागच्या एका देवळाबाहेर त्या चंद्री नावाची गाय घेऊन बसायच्या. येणारे-जाणारे त्यांच्याकडून गवताची पेंढी घेऊन चंद्रीला चारायचे आणि तिच्या पाठीला हात लावून नमस्कार करायचे. चंद्रीचे अंग तापले होते. खांद्यापुढे गाठ आली होती.

"दादा, लोक पेंढी धरतात नि ही मान फिरवते. अशी कधी करत नाही ओ. गुरांचे डॉक्टर म्हणाले, रक्त बघून सुई ठरवू."

काकांनी तिच्या रक्ताची काच माझ्याखाली ठेवली. थोडे ठिपके. मग साक्षीदार ठेवला. तसेच थोडे ठिपके.

आमच्या प्रयोगशाळेतली नवी डॉक्टर आकांक्षा शेजारी उभी होती. "काका, गाठ मोठी आहे. त्या गाठीतलं पाणी काढून बघू या ना. तिथल्या पांढऱ्या पेशींतही तो लपून राहतो. दिसायला सारखे म्हणजे वागायला सारखे असं नसतं."

"मॅडम, तुमचा जन्म नव्हता तेव्हापासून बघतोय मी."

"तेच तर! इतकी वर्षं आपण नुसतं बघतोय."

काका हसले आणि दुर्गाबाईंकडे वळले. "सौम्य आहे गो. सुई जड पडते जनावराला. चार दिवस थांब."

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर! मी आकार दाखवला होता. स्वभाव मला दिसतच नव्हता.

चौथ्या दिवशी चंद्री गेली.

आकांक्षाने तिचे उरलेले रक्त जपून ठेवले होते. ते आणि साक्षीदार, दोन्ही तिने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे परजीवींची जनुके वाचतात. तीन आठवड्यांनी उत्तर आले.

"जात एकच आहे, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "पण जनुकांमध्ये फरक आहे. चंद्रीतला परजीवी ज्या पांढऱ्या पेशीत राहत होता, तिला तो एक पदार्थ जास्त बनवायला लावत असावा. त्यानं आजूबाजूच्या पेशींमधल्या भिंती विरघळतात आणि रोग अंगभर पसरतो. साक्षीदारातल्याला ते जमत नसावं."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः लालबागला जाऊन दुर्गाबाईंना भेटले आणि परत येऊन माझ्यासमोर बसले.

"काय म्हणाल्या?" आकांक्षाने विचारले.

"ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, 'दादा, चूक सांगायला आलात, चांगलं केलंत. पण त्या दिवशी नक्की सांगता येत नाही, एवढंच बोलला असतात, तरी मी हट्टानं तिला सुई टोचवली असती.'"

मित्रांनो, मी अजून कामाचा आहे. मला पुसा, जपा, माझ्यातून जरूर बघा. पण मला दिसते तेवढेच जग आहे, असे मानू नका. आणि एखाद्या मुक्या जीवाचे जगणे तुमच्या शब्दावर अवलंबून असेल, तेव्हा "मला नक्की माहीत नाही" असे म्हणायला लाजू नका.