पाय कापलेला स्टँड

मी कॉमिक्सचा गोल फिरणारा स्टँड बोलतोय. मान खाली घालूनच बोलतोय, कारण वर बघायला तोंड राहिलेलं नाही.

या पुस्तकांच्या दुकानात आलो तेव्हा मी चांगला मोठ्या माणसाएवढा उंच होतो. एक दिवस कॉमिक्स कंपनीचा सेल्समन माझ्यासमोर उकिडवा बसला आणि दुकानदारकाकांना म्हणाला, "जरा खाली बसून बघा. पाच वर्षांच्या पोराला इथून काय दिसतं? नुसत्या दांड्या! याचे पाय कापा. आईबापांना आपण कशाला पटवायचं? ते काम पोरं करतात."

पाय कापले. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. लहान मुलं आता थेट माझ्याशी बोलू लागली.

एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ शाळेतून घरी जाताना रोज यायचे. ती उडणाऱ्या कासवाची गोष्ट उभ्याउभ्याच वाचून दाखवायची. एका अंकाच्या शेवटी कासव विहिरीत पडलं.

"ताई, ते बाहेर येईल ना गं?"

"येईल रे. पुढच्या अंकात."

पुढचा अंक काही निघेना. जुन्याचे मात्र गठ्ठे पडून होते. सेल्समनने त्यांनाच नवं मुखपृष्ठ चिकटवलं, त्यावर विहिरीबाहेर आलेलं हसरं कासव. सोबत फुकट मुखवटा आणि वरून सीलबंद पाकीट.

"बरं दिसत नाही हे," काका पुटपुटले. पण ठेवून घेतले.

मी एरवी दहादा अडकतो, कुरकुरतो. त्या दिवशी धाकट्याने हात लावताच अलगद फिरलो आणि नेमका तोच अंक त्याच्या नाकासमोर आणून थांबलो. अंक विकत घेऊन तो आनंदाने नाचतच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच आली. "काका, आत जुनीच गोष्ट आहे. कासव विहिरीतच आहे अजून. भाऊ जेवलासुद्धा नाही."

"फोडलेलं पाकीट परत घेत नाही, बाळा," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. मी तिथेच उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती दोघं दारावरूनच जातात. मी दिसलो की ताई भावाच्या डोळ्यांवर हात ठेवते. "तिकडे बघायचं नाही. फसवतात."

कुणीतरी माझे पाय परत जोडा हो. ते जमत नसेल तर निदान तोंड भिंतीकडे करा. कारण काल त्या पोराने ताईच्या बोटांच्या फटीतून हळूच पाहिलं. त्याला अजून त्या कासवाची काळजी आहे.